तांब्यातली ट्यूलिप

शुक्रवार, ९ जानेवारी

आम्स्टेलवेन. पारा शून्याला टेकलेला, वर बोचरा वारा, आणि बाजारातल्या फुलवाल्याकडे मात्र बादल्याच्या बादल्या भरून ट्यूलिप. सासूबाई थबकल्याच. सांगलीहून येऊन त्यांना जेमतेम महिना होतोय. ट्यूलिप म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ‘सिलसिला’ उभा राहतो: अमिताभ, रेखा आणि मागे लांबच लांब रंगीत पट्टे. "एवढ्या थंडीत हे आलं कुठून? आणि ती बाग कुठाय?"

बाग अजून बंद आहे, म्हटलं. ‘सिलसिला’तली ती बाग म्हणजे लिसचं क्युकेनहॉफ. ते मार्चच्या उत्तरार्धात उघडतं आणि मेच्या मध्यापर्यंत मिटतं. आसपासची शेतं रंगतात एप्रिलमध्ये, आत्ता तिथे नुसता चिखल. आणि खरं सांगायचं तर त्या शेतांतली फुलं फुलदाणीत येतच नाहीत. तिथलं पीक कांद्याचं. फूल उमललं, रोगट झाडं हेरून काढून टाकली, की यंत्र फिरवून मुंडकी उडवायची, म्हणजे सगळं पोषण खाली कांद्यात उतरतं. पर्यटक ज्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, ती फुलं थोड्याच दिवसांत वाफ्यात पडून कुजतात.

बाजारातली ही ट्यूलिप काचघरातली. कांदे आधी तीनेक महिने शीतगृहात ठेवून हिवाळा सरल्याचं त्यांना भासवायचं, मग पाण्याच्या ट्रेमध्ये ओळीनं खोचून काचघराच्या उबेत आणायचे. तीन-चार आठवड्यांत कळी तयार.

"म्हणजे कांद्याला फसवतात."

"हो आई, चक्क फसवतात."

निवडायची कशी, हे मात्र त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. गजऱ्याला आयुष्यभर मोगऱ्याच्या कळ्याच घेतल्यात त्यांनी. घट्ट मिटलेली, पण रंग दिसू लागलेली कळी घ्यायची. बुडाशी किंचित हिरवी झाक असली तर उत्तम. अगदी हिरवीगार कळी नको, ती कधीकधी उमलतच नाही. पूर्ण उघडलेलं फूलही नको. फुलवाल्यानं एक जुडी उचलली आणि आईंच्या कानाशी नेऊन हलकेच दाबली. चुईं, चुईं. ताजी पानं आणि दांडे एकमेकांवर घासले की असा आवाज येतो. शिळ्या जुडीतून येत नाही. आईंनी लगेच दुसरी जुडी मागून तीही दाबून पाहिली. फुलवाला खूश.

दहांची एक जुडी, पिवळी. घरी आल्यावर कागद सोडला नाही, उलट वर्तमानपत्राचा आणखी एक घट्ट वेढा दिला, फुलांच्या डोक्यापर्यंत. दांड्यांची टोकं कापून पुडकंच्या पुडकं गार पाण्याच्या बादलीत उभं केलं आणि बादली जिन्यातल्या थंडीत ठेवली. माना वाकलेल्या असल्या तरी दोन तासांत दांडे पाणी पिऊन ताठ होतात, आणि कागदानं सरळ धरलेले असल्यानं सरळच ताठ होतात. नवशिक्यानं एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं.

शनिवार, १० जानेवारी

सकाळी मांडामांड.

आधी दांडे. काचघरवाले ट्यूलिप कापत नाहीत, कांद्यासकट उपटतात. कांदा नंतर यंत्रावर वेगळा होतो. त्यामुळे दांड्याच्या तळाला बोटभर पांढरट, टणक भाग राहिलेला असतो. तो पाणी नीट ओढत नाही, तेवढा उडवायचा. कात्री बोथट असली तर मऊ दांडा चिरडते, म्हणून धारदार सुरी. "विळी आणायला हवी होती," आई म्हणाल्या. तिरकं कापायचं की सरळ, यावर इथले फुलवाले तावातावानं बोलतात. ट्यूलिपच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही, असं माझं मत. धार महत्त्वाची.

मग पानं. ट्यूलिपचं पान देठानं जोडलेलं नसतं, केळीच्या सोपटासारखं ते दांड्याला वेढून बसलेलं असतं. खाली ओढलं तर दांड्याची साल सोलवटून येते. बाजूनं अंगठ्यानं चीर पाडायची आणि गोल फिरवून सोडवायचं. पाण्यात बुडतील ती पानं काढायची, वरची एक-दोन ठेवायची. सगळी काढली तर दांडे उघडेबोडके दिसतात.

आता भांडं. माझ्याकडे काचेच्या तीन-चार फुलदाण्या आहेत, सगळ्या भेट आलेल्या आणि एकही ट्यूलिपच्या कामाची नाही. दोन रुंद तोंडाच्या आहेत, त्यांत दहा फुलं ठेवली की चहूकडे पसरून मधे खड्डा पडतो. एक इतकी बुटकी की दांड्यांना आधारच मिळत नाही. ट्यूलिपचा दांडा निम्म्या उंचीपर्यंत तरी कुठेतरी टेकायला हवा. फुलदाणी विकत घ्यायची असेल तर सरळ, उभी, अरुंद तोंडाची घ्यावी; महाग असायची गरज नाही.

मी मात्र कपाटावरचा पितळी तांब्या काढला. गळ्याशी आवळलेला, तोंडाशी पुन्हा फाकलेला. गळा दांड्यांना एकत्र धरतो, ओठ त्यांना बाहेर झुकू देतो. यापेक्षा वेगळं आणखी काय हवं असतं फुलदाणीकडून?

आईंना ते रुचलं नाही. "प्यायच्या पाण्याचा तांब्या तो. फुलं काय घालतेस त्यात?"

"कलशात आपण डहाळी ठेवतोच की."

"तो कलश." पण मग त्यांनीच तांब्या चिंचेनं घासून लख्ख करून दिला.

मांडायची रीत त्यांना दाखवली. पहिला दांडा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत उभा धरायचा. दुसरा त्याच्यावर तिरका. तिसरा दुसऱ्यावर, त्याच दिशेनं तिरका. प्रत्येक दांडा ठेवला की मुठीतली जुडी थोडी फिरवायची. दहा झाले की खाली दांड्यांचा पीळ तयार होतो आणि वर डोकी आपोआप एकमेकांपासून सुटी होतात. मूठ घट्ट आवळायची नाही. मग सगळ्यांची टोकं एकदम सारखी करून कापायची: तांब्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी कमी उंची ठीक. पीळ न मोडता आत सोडायचं.

आईंनी पहिल्यांदा केलं तेव्हा सगळी डोकी एका पातळीत आली, अगदी देवापुढच्या समयांच्या वातींइतकी शिस्तीत. दोन-तीन दांडे उपसून बोटभर वर ओढले, कडेचे दोन खाली सरकवले. ज्या दांड्याला मुळात बाक आहे तो काठाला, बाक बाहेरच्या बाजूला. सरळ असतील ते मधे.

त्यांनी मग पुडीतला दोरा काढला, गळ्याशी बांधायला. तो बाजूला ठेवायला लावला. का, ते चार दिवसांनी दिसेलच.

पाणी चार बोटं. "एवढंच?" एवढंच, आणि गार. ट्यूलिपचा दांडा मऊ आणि रसरशीत असतो. गळ्यापर्यंत पाण्यात बुडवला की बुळबुळीत होऊन सडतो. पण तो तहानलेला असतो, म्हणून रोज बघून भर घालायची. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही नको. साखरेनं दांडे आणखी ताडमाड होतात. कांद्याच्या फुलांसाठी वेगळी पुडी इथे मिळते, तिनं पानं उशिरा पिवळी पडतात. नसली तरी अडत नाही.

"नुसतीच ठेवायची? भकास दिसतंय. जरा पांढरं बारीक काहीतरी, जरा हिरवं..." जिप्सोफिला आणि अ‍ॅस्परॅगसची ती सवय सगळ्या लग्नघरांनी आपल्याला लावली आहे. मी ठाम नकार दिला. ट्यूलिपबरोबर ट्यूलिपच.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ झाले, फोनाफोनी झाली.

दुपारी आई तांब्यापुढे उभ्या. "ही वाढलीत." शनिवारी सगळ्यात उंच फूल मागच्या गणपतीच्या तसबिरीच्या खालच्या चौकटीशी होतं, आज ते चौकट ओलांडून काचेवर आलंय. कुणी दांडे उपसले का, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांना विचारून घेतलं.

कुणी नाही. कापलेलं ट्यूलिप पाण्यात वाढत राहतं. पेशी नव्या फारशा होत नाहीत, असलेल्याच लांबतात; सगळ्यात जास्त फुलाखालचा शेवटचा पेरा. चार-पाच सेंटिमीटर तर सहज. दोऱ्यानं आवळून ठेवलं असतं तर आज दांडे मधेच मोडले असते. वाढता वाढता ते उजेडाकडे वळतात, आणि डोक्याचं ओझं झालं की बाहेर झुकून पुन्हा टोकाशी वर उचलतात. शनिवारी लावलेली जुडी आज वेगळीच दिसते. गुलाब मांडून झाला की मांडून झाला. ट्यूलिप पहिल्या दिवशी आपण मांडायचं, पुढचं ते स्वतः मांडतं, आणि आपण मधूनमधून लुडबूड करायची. लुडबूड म्हणजे काय, तर रोज भांडं पाव वळसा फिरवायचं, पाणी बदलायचं, फारच उंच झालेले एक-दोन दांडे काढून दोन बोटं कमी करायचे. बस.

खालच्या मजल्यावरच्या डच आजींचे उपाय वेगळे. फुलाच्या लगेच खाली दांड्यात टाचणी आरपार टोचायची, म्हणजे मान वाकत नाही. आणि पाण्यात तांब्याचं नाणं. टाचणी टोचलेल्या फुलांच्या आणि न टोचलेल्या फुलांच्या माना मला तरी सारख्याच वाकलेल्या दिसल्या आहेत. नाण्यावर त्यांची श्रद्धा आहे. आमचं भांडंच पितळी, त्यामुळे वाद टळला.

जागेचा मात्र वाद झाला. इथल्या घरांना मोठाल्या खिडक्या, पडदे उघडे आणि खिडकीच्या फळीवर फुलं, ही डच रीत. पण त्याच फळीखाली हीटर असतो. खालून गरम हवेचा झोत, समोरून ऊन. तिथे ट्यूलिप दुपारपर्यंत आ वासतं. उबेत पाकळीची आतली बाजू जास्त वाढते म्हणून ती उघडते, गारव्यात बाहेरची वाढते म्हणून मिटते. रोज उघडमीट, रोज थोडी वाढ, शेवटी पाकळी एवढी मोठी होते की मिटत नाही आणि गळते. जितकी ऊब, तितकं आयुष्य कमी. आमचा तांब्या जेवणाच्या टेबलावर, खिडकीपासून लांब. रात्री झोपताना जिन्यात. आई म्हणतात, मुलांनाही एवढं कुणी उचलून ठेवत नाही.

शनिवार, १७ जानेवारी

जानेवारीचा तिसरा शनिवार: इथला राष्ट्रीय ट्यूलिप दिन. काचघरवाले अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियम चौकात दोन लाखांच्या आसपास ट्यूलिपची बाग एका दिवसापुरती उभारतात आणि मग फाटक उघडून लोकांना हवी ती फुकट खुडू देतात. रांग एवढी की आईंना पंढरीची वारी आठवली. तरी पिशवी भरली. बरीच फुलं कांद्यासकट हाती आली.

चौकाला लागूनच राइक्सम्युझियम. पाय गरम करायला शिरलो आणि दोन तास अडकलो.

हान्स बोलोंगिएरचं १६३९चं फुलांचं चित्र बघायचं होतं. बोलोंगिएर हार्लेमचा. त्याच हार्लेममध्ये १६३७च्या फेब्रुवारीत ट्यूलिपच्या कांद्यांचे चढलेले भाव कोसळले, ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला त्या चित्रातली मांडणी बघायची होती. पांढऱ्यावर लाल ज्वाळा उमटलेली ट्यूलिप सगळ्यात वर, बाकीची फुलं त्यांच्याखाली. डच चित्रकार फुलं अशीच रचत: महागडं ट्यूलिप माथ्यावर. आणि एकाच फुलदाणीत वसंतातली नि उन्हाळ्यातली फुलं एकत्र. प्रत्येक फूल आपापल्या हंगामात रेखाटून ठेवायचं आणि मग कागदांवरून गुच्छ रचायचा. अशी फुलदाणी कुणाच्या घरात कधी नव्हतीच. तेव्हा आपली जुडी त्या चित्रासारखी दिसत नाही म्हणून नवशिक्यानं खट्टू होऊ नये.

त्या ज्वाळा म्हणजे आजार. विषाणूमुळे रंग फुटतो आणि मावा तो विषाणू पसरवतो. रंग फुटणं एका कांद्यातून दुसऱ्यात जातं, हे १९२८ साली डॉरोथी केली या इंग्रज बाईंनी दाखवून दिलं. आज बाजारात पट्ट्यापट्ट्यांची मिळतात ती निरोगी, संकर करून आणलेली.

दुसऱ्या दालनात डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या मनोऱ्यासारख्या फुलदाण्या. थरावर थर, प्रत्येक थराच्या कोपऱ्यांना चोची, प्रत्येक चोचीत एक फूल. सतराव्या शतकाच्या अखेरीची ही चैन. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या मेरीला तिचं वेड होतं. आई म्हणाल्या, "घासायला किती त्रास." पण कल्पना पाहा: प्रत्येक फुलाला स्वतंत्र तोंड, कुणाची कुणावर दाटी नाही. इस्तंबूलकडेही तुर्क लोक लांब मानेच्या सुरईत एकेकच ट्यूलिप ठेवत. मुळात हे फूल मध्य आशियाच्या डोंगरांतलं, तुर्कांनी बागेत आणलेलं. कारोलुस क्लुसियसनं लायडनच्या वनस्पती उद्यानात ते लावलं १५९३-९४च्या सुमारास. आणि हार्लेममधला तो बाजार तेजीत येण्याआधीच, १६२०च्या आसपास, उस्ताद मन्सूरनं जहांगिराच्या पदरी असताना काश्मीरचं लाल ट्यूलिप रंगवून ठेवलं होतं. हे ऐकल्यावर आई जरा ताठ चालायला लागल्या.

रविवार, १८ जानेवारी

कांदे ओट्यावर. "फोडणीला चालतील का गं?" गमतीनंच विचारलं त्यांनी.

चालत नाहीत, त्यात विषारी द्रव्यं असतात, नुसत्या चिकानंही काहींच्या बोटांना खाज सुटते. तरीही लोकांनी ते खाल्ले आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली तेव्हा, मधला पिवळा कोंब काढून टाकून, उकडून. इथे त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. खालच्या आजी त्या विषयावर बोलत नाहीत.

कांदेवाली फुलं काचेच्या बरणीत उभी केली, पाणी फक्त बुडाला टेकेल एवढं. ही कापलेल्यांपेक्षा थोडी जास्त टिकतात. फुलून गेल्यावर कांदा मात्र टाकायचा. काचघरात राबलेला कांदा पुढच्या वर्षी फूल देईल याचा भरवसा नसतो.

बुधवार, २१ जानेवारी

पिवळ्या जुडीचे शेवटचे दिवस. आईंनी एक पूर्ण उघडलेलं फूल खिडकीशी नेऊन आत डोकावून पाहिलं, मलाही दाखवलं. सहा पाकळ्या, तीन बाहेरच्या, तीन आतल्या. मधे फिकट हिरवा, तीन कोनांचा स्त्रीकेसर, भोवती सहा पुंकेसर, त्यांच्यावर पूड. बोट लावलं की बोटाला आणि टेबलावर सांडली की टेबलक्लॉथला चिकटते. ओल्या फडक्यानं पुसायची नाही, चिकटपट्टीनं उचलायची.

पाकळ्या अशा वेळी कागदासारख्या पातळ होतात आणि कडांना पारदर्शक. बरेच लोक याआधीच फेकून देतात. मला ट्यूलिप याच दोन-तीन दिवसांत सगळ्यात देखणं वाटतं.

बाजारात आज नार्सिसस दिसला, पिवळा. जुड्यांत दोन्ही एकत्र विकतात, पण घरी एकत्र ठेवायचं तर जपून. नार्सिससचा दांडा कापला की बुळबुळीत चीक गळतो आणि त्या पाण्यात ट्यूलिपची पानं लवकर पिवळी पडतात. नार्सिसस आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, आणि मग पुन्हा न कापता ट्यूलिपमध्ये मिसळायचा. पुन्हा कापला की पुन्हा चीक.

रविवार, २५ जानेवारी

रथसप्तमी. हळदीकुंकू आमच्याकडे, आम्स्टेलवेन-होफडोर्पच्या बायका, दोघी थेट हेगहून. वाण काय द्यायचं यावर आठवडाभर खल झाला. प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांकडे पुरून उरलेत. शेवटी आईंनीच ठरवलं: प्रत्येकीला ट्यूलिप. विषम संख्या हवी म्हणून तीन.

काल सगळं आटपलं. दांडे कापून, तीन-तीन कागदात गुंडाळून, रात्रभर जिन्यातल्या बादलीत. आज देताना बुडाशी ओला टिश्यू आणि वर पुन्हा कागद, कारण निम्म्याजणी सायकलवर आणि बाहेर गोठवणारी थंडी. गारवा चालतो, पण दहिवर बसलं की पाकळी काचेसारखी होऊन काळी पडते.

आणि मग आईंचा वर्ग भरला. चौथ्या बाईपासून मी बोलायचं सोडून दिलं.

"चार बोटं पाणी. गार. जास्त नाही, सडतात."

नुकतंच लग्न होऊन आलेली पुण्याची मुलगी म्हणाली, "काकू, माझ्याकडे फुलदाणीच नाही."

"लोणच्याची बरणी आहे का? चिनीमातीची? तिचा गळा बघ. नाहीतर पाण्याचा उंच पेला. तीन फुलांना किती जागा लागते? एक उंच, एक त्याच्याहून चार बोटं खाली, एक काठाशी वाकलेलं. मधलं अगदी मधोमध नको."

"देवाला चालतं का हो?"

यावर त्यांचा विचार आधीच झाला होता. पाण्याबाहेर काढलेलं ट्यूलिप तासाभरात मान टाकतं, त्यामुळे वाहायचं नाही. छोट्या गडूत पाणी घालून देवापुढे ठेवायचं. पाकळ्या गळल्या की त्या वाहा.

एकजण म्हणाली, मागच्या वेळी दोनच दिवसांत गेली. कुठे ठेवली होतीस, तर जेवणाच्या टेबलावर, केळ्यांच्या टोपलीशेजारी. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, आणि फुलांना तो लवकर म्हातारं करतो. फुलं एका खोलीत, केळी-सफरचंदं दुसऱ्या. हे आईंना नवं होतं. पुढच्या तिघींना मात्र त्यांनी ते जन्मभर माहीत असल्याच्या थाटात सांगितलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पॅरट ट्यूलिप आणली, कातरलेल्या पाकळ्यांची, केशरी-हिरवट. डोकी जड. यांना तांब्या लहान पडतो, म्हणून त्या रुंद काचेच्या फुलदाणीचं नशीब उघडलं. तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची जाळी केली, उभ्या तीन, आडव्या तीन, आणि एकेका चौकोनात एकेक दांडा. पट्टी लावताना काठ अगदी कोरडा हवा. कडेचे दांडे आखूड ठेवले की ते जाळी झाकतात. जड डोकी काठावरून खाली लोंबली आहेत, लोंबू दिली.

सध्या पाकळ्या उलट्या मुडपायची टूम आहे. फूल जरा उबेत उघडू द्यायचं, अंगठा पाकळीच्या बुडाशी आतून ठेवून ती अलगद बाहेर दुमडायची, म्हणजे फूल एकदम कमळाएवढं दिसतं. समारंभाच्या एका संध्याकाळपुरतं ठीक. एरवी नको, मुडपलेलं फूल पुन्हा मिटत नाही, आणि मिटणं-उघडणं हीच तर ट्यूलिपची गंमत.

रविवार, १५ फेब्रुवारी

पुण्याहून नणंदेचा फोन. काल आईंच्या जावयानं लेकीला ट्यूलिप दिली, कोथरूडच्या दुकानातून, पाचांची जुडी, किंमत ऐकून आईंनी कपाळाला हात लावला. एवढी महाग असायला कारण आहे: भारतात विकली जाणारी बरीचशी विमानानं इथूनच जातात. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी २००७पासून ट्यूलिप बाग आहे खरी, पण ती बघायची, तिची फुलं पुण्याच्या बाजारात येत नाहीत.

"आजच पार उघडलीत गं," नणंद म्हणाली. "आई, काय करू?"

आईंनी फोन माझ्याकडे दिलाच नाही. टेबलावरून उचल, फरशीवर ठेव, सगळ्यात गार खोलीत. पाणी आत्ता ओत आणि माठातलं घाल. दांडे पुन्हा बोटभर काप. रात्री कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये उभी कर, पण आधी फ्रिजमधले चिकू बाहेर काढ. सकाळी मिटलेली असतील.

थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बरोबर होतं सगळं. मी एवढंच जोडलं की पुण्याच्या फेब्रुवारीत, दुपारी तिशी ओलांडत असताना, चार दिवस टिकली तरी भरपूर झालं. गार हवेतल्या आठवड्याची अपेक्षा धरू नये.

पुण्या-मुंबईत घेणारच असाल तर संध्याकाळी घ्या, मिटलेली घ्या, आणि जुडी कानाशी धरून दाबून बघा. दुकानदारानं रिबिनीनं आणि रबरानं आवळून दिली असेल, तर घरी गेल्यावर सगळ्यात आधी ते रबर कापा.